येलदरीची फुसफुस

रविवारी दुपारी तीन वाजता विजयमाला लॅपटॉप उघडायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि पुढचा अर्धा तास कुणाचीच नसायची. सेलूच्या त्या घरात एवढी शांतता रविवारीच मिळे. नवरा रंगनाथ त्या वेळी कापसाच्या जिनिंगवर असे. ‘थाळीवर काय?’ हा स्वयंपाकाचा ग्रुप आहे, असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. मग कळलं की थाळी म्हणजे टर्नटेबलची फिरती थाळी, आणि तिच्यावर वाढतात त्या जॅझच्या जुन्या रेकॉर्डी. “म्हणजे खायला काहीच नाही,” असं म्हणून त्यानं विषय सोडला तो सोडलाच.

ग्रुपमध्ये दहाबारा माणसं होती, गावोगावी विखुरलेली. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या थाळीवर काय आहे ते कळवायचं: कव्हरचा फोटो, कुठली बाजू लावली, आणि मिनिटभराचा आवाज. रविवारचं मात्र वेगळं. त्या दिवशी एकानं अख्खी बाजू लावायची आणि बाकीच्यांनी ती एकाच कॉलवर, एकाच वेळी ऐकायची. नांदेडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला शिवप्रसाद या मैफलीचा कर्ताधर्ता, आणि त्याचे नियम शाळेपेक्षा कडक. सगळ्यांचे माइक बंद. सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, लिहायचं नाही. जो रेकॉर्ड लावणार त्यानं फोन स्पीकरसमोर ठेवायचा आणि फोनचा स्वतःचा आवाज पार शून्यावर आणायचा. नाहीतर इकडचा खोकला तिकडे फोनमधून बाहेर पडतो आणि फिरून सगळ्यांच्या कानात येतो. ज्युनियर कॉलेजात पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या विजयमालाला हे नियम मनापासून पटत. कुणी काही विचारत नाही, आपल्याला काही सांगावं लागत नाही, हेही तिला पटत असे.

आजची पाळी येलदरीच्या योगीराज दुधाट्यांची होती. धरणाच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला हा माणूस तिथंच कॉलनीजवळ एका छोट्या घरात एकटा राही. तरुणपणी हैदराबादच्या जुमेरात बाजारातून भंगारवाल्याकडून त्यानं किलोच्या भावानं रेकॉर्डी उचलल्या होत्या, आणि त्यात अशा काही निघाल्या होत्या की भल्याभल्यांनी हात जोडावेत. “आमच्या गावात लाईट बनती, पण टिकत न्हाई,” असं तो आपल्या जाड आवाजात सांगे आणि स्वतःच हसे. आज तो कलकत्त्याच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या गोवेकरांच्या बँडची रेकॉर्ड लावणार होता. लेबल इतकं पुसलेलं की बँडचं नावही वाचता येत नव्हतं. दुसरी प्रत कुठं असलीच तर ती कुणाला ठाऊक नव्हती.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकत होती. गेले दोन महिने दुधाट्यांच्या प्रत्येक तुकड्यात संगीताच्या मागं एक आवाज येत होता. फुस्स. मग थोडी उसंत. पुन्हा फुस्स. शिवप्रसादचं मत, थाळी फिरवणारा पट्टा सैल झालाय. लातूरचे चंद्रभान, बँकेतून निवृत्त झालेले आणि बोलण्यात तिखट, त्यांचं मत, बेअरिंग कोरडं पडलंय, शिलाई मशीनचं तेल सोडा. त्या आवाजाला ‘येलदरीची फुसफुस’ असं नावच पडलं. गेल्या रविवारी चंद्रभाननी लिहिलं होतं, “काका, तुमच्या बँडात एक गडी जास्तीचा वाजवायलाय. त्याला आधी बाहेर काढा, मग रेकॉर्ड लावा.” त्यावर सगळे हसले होते. दुधाट्यांनीही हसणारं तोंड टाकून उत्तर दिलं होतं: “रविवारी एक बी फुसफुस येणार न्हाई. जबान देतो.”

विजयमालाला ते पट्ट्याचं निदान कधी पटलं नव्हतं. थाळीत किंवा रेकॉर्डमध्ये दोष असला, तर तो दर फेरीला यायला हवा, आणि फेरी पावणेदोन सेकंदांत पुरी होते. ही फुसफुस फार सावकाश येत होती. म्हणजे ती टर्नटेबलची नव्हे, खोलीतली. फ्रिज असेल, पाण्याची मोटर असेल. एवढ्यावर तिनं विचार थांबवला होता. पट्टा, बेअरिंग आणि तेल यांत मंडळी रमली होती, आणि त्यांच्यात जाऊन बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

तीन वाजले. सुई टेकल्याचा मऊ ठोका आला, किंचित करकर, आणि ट्रम्पेट सुरू झाला.

फुसफुस नव्हती. खरंच नव्हती. मागं ड्रमवर ब्रश फिरत होता, पियानोचा डावा हात अगदी खालच्या सुरात चालत होता, आणि हे सगळं इतकं स्वच्छ की ट्रम्पेटवाल्यानं घेतलेला दमही ऐकू यावा. विजयमालानं डोळे मिटले. दुधाटे काकांनी जबान पाळली, असं तिच्या मनात आलं आणि बरं वाटलं.

पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या रेघेवर सुई नुसती सरकत होती. त्या काही क्षणांत तिला दुसरंच काही ऐकू आलं.

कुणीतरी श्वास घेत होतं. फोनच्या अगदी जवळ. छोटा, घाईचा श्वास, वर जाऊन अडकणारा, जिना चढणाऱ्याचा असतो तसा. फक्त हा जिना संपत नव्हता. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. दुसरं गाणं सुरू झालं आणि त्यानं तो आवाज झाकून टाकला.

हा श्वास तिच्या ओळखीचा होता. तिचे सासरे लिंबाजी शेवटचे दोन हिवाळे पुढच्या खोलीत असेच श्वास घेत पडले होते, आणि त्यांच्या खाटेशेजारी एक पांढरी पेटी चालू असायची. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी पेटी. ती घरघरायची, आणि थोड्या थोड्या वेळानं तिच्या पोटातली झडप फिरायची तेव्हा आवाज यायचा. फुस्स.

त्या आवाजात ती दोन वर्षं झोपली होती. लाईट जाऊन तो थांबला की तिला जाग यायची. फोनमधून, संगीताच्या मागून, पातळ होऊन आला म्हणून तिला तो ओळखता आला नव्हता. आता तो थांबला तेव्हा ओळखता आला.

म्हणजे दुधाट्यांना ऑक्सिजन लागत होता, निदान दोन महिने. आणि आज पेटी बंद होती. लाईट गेली म्हणावं तर रेकॉर्ड फिरतेय. मग पेटी कुणी बंद केली, आणि का, हेही तिला कळलं. दहाबारा माणसांना स्वच्छ आवाज हवा होता. त्यांच्यासाठी एका माणसानं आपली हवा बंद केली होती.

कदाचित सिलिंडर असेल, तिनं स्वतःला सांगितलं. सिलिंडरचा आवाज होत नाही. पण सिलिंडर लावलेला माणूस असा धापा टाकत नाही.

तिनं मोबाइलवरून दुधाट्यांचा नंबर लावला. ते दुसऱ्या कॉलवर होते. अर्थातच होते. त्या कॉलवर तीही होती. तिनं लॅपटॉपवर आपला माइक उघडला. ग्रुपमध्ये ती आजवर एकदाही बोललेली नव्हती, आणि आपला आवाज तिला परका वाटला.

“दुधाटे काका, पेटी चालू करा. काका, ऐकताय का?”

ट्रम्पेट वाजत राहिला. तिकडे फोनचा आवाज शून्यावर होता. ती कितीही ओरडली असती तरी त्या खोलीत अक्षर पोचलं नसतं. बाकीच्यांना मात्र ऐकू गेलं. पडद्यावर शिवप्रसादचा मजकूर आला: ‘मॅडम, तुमचा माइक चालू राहिलाय.’

“चालू राहिला नाही, मीच चालू केला,” ती म्हणाली. “काकांच्या मागची फुसफुस बंद झालीय.”

चंद्रभाननी आपला माइक उघडला. आवाजात हसू होतं. “अहो मॅडम, तीच बंद व्हावी म्हणून दोन महिने घसा कोरडा केला आम्ही. तुम्ही कशाला घाबरायलात?”

“ती पट्ट्याची नव्हती. पट्ट्याची असती तर दर फेरीला आली असती. ती ऑक्सिजनची पेटी आहे. आमच्या घरी होती. आपल्याला आवाज नको म्हणून काकांनी ती बंद करून ठेवलीय, आणि त्यांना श्वास पुरेनासा झालाय. मी आत्ता दोन गाण्यांच्या मध्ये ऐकलं.”

चंद्रभानच्या उघड्या माइकमधून खुर्ची मागं ढकलल्याचा आवाज आला.

रेकॉर्डला ऐकणारा लागत नाही. माणूस जागा असो, झोपलेला असो की आणखी काही झालेला असो, वीज आहे तोवर ती फिरते आणि सुई पुढं सरकते. विजयमाला हे शिकवत आली होती, फिरती थाळी आणि घर्षण आणि जडत्व, पण त्याची तिला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटली. पियानो खुशीत वाजत होता, आणि त्याच्या आड काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

पत्ता शिवप्रसादकडे निघाला. रेकॉर्डींची देवाणघेवाण पार्सलनं चाले, आणि कुरियरवाला कॉलनीपर्यंत जात नाही म्हणून दुधाट्यांचं पार्सल फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर उतरे. टपरीवाल्याचं नाव सुग्रीव. त्याचा नंबर शिवप्रसादनं वाचून दाखवला तेव्हा त्याला दोनदा वाचावा लागला. चंद्रभान म्हणाले, मी एकशेआठला, अँब्युलन्सला लावतो, आणि गेले.

सुग्रीवनं फोन उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता. विजयमालानं आपण कोण ते सांगितलं आणि दुधाट्यांच्या घरी धावत जायला सांगितलं.

“आत्ता? आत्ता न्हाई जमायचं मॅडम. सायेब रेकार्ड ऐकायलेत. रविवारी ह्या टायमाला दार वाजवायचं न्हाई असा हुकूम हाय त्यांचा. मागं एकदा दूध द्यायला गेलतो तर महिनाभर बोलले न्हाईत माझ्याशी.”

“त्यांच्या नाकाला नळी असते ना?”

सुग्रीवचा आवाज खाली आला. “असती. पण कुणाला सांगू नको म्हणलेत. तुमाला कसं कळलं?”

“आज ती नळी बंद आहे. सुग्रीवभाऊ, ते मरतील. दार वाजवू नका, फोडा. रागावले तर माझं नाव सांगा.”

एवढं पुरे झालं. तिला चपलांचा धावण्याचा आवाज आला, सुग्रीवनं कुणाला तरी, बहुधा बायकोला, “पारू, चल, सायबाकडं,” म्हटलेलं आलं. मग नुसती धाप. तिनं मोबाइल एका कानाला धरला आणि हेडफोनची एक बाजू दुसऱ्या कानावर ठेवली. एका कानात सुग्रीव धावत होता, दुसऱ्यात कलकत्त्याचं हॉटेल वाजत होतं.

दुसरं गाणं संपलं. पुन्हा ती मोकळी रेघ. तिनं श्वास ऐकायला स्वतःचा श्वास रोखला.

काहीच आलं नाही. नुसती करकर. मग फार उशिरानं घशातल्या घशात एक घरघर आली आणि तिच्यावर तिसरं गाणं चालू झालं.

“गेले का हो?” शिवप्रसादचा आवाज आला. लहान मुलासारखा.

“माहीत नाही,” ती म्हणाली. खोटं बोलायचं कसं ते तिला त्या क्षणी सुचलं नाही.

आणि मग दोन्ही कानांत एकच आवाज आला: दारावर बुक्क्या. मोबाइलमध्ये जवळून, हेडफोनमध्ये लांबून, संगीताच्या पलीकडून. दहाबारा घरांत सगळ्यांनी तो ऐकला. सुग्रीव “सायेब, ओ सायेब” करत होता. आतून पाऊल वाजलं नाही. खुर्ची सरकली नाही. ट्रम्पेटवाला आपली तान वर वर नेत होता.

“आतून कडी हाय मॅडम. जाड दार हाय, सागवानी. फुटंना.”

“खिडकी?”

“सैपाकघराची हाय, दाराला लागूनच. पारूचा हात कडीपर्यंत जातो का बगतो.”

तिला पारूबाईचा आवाज आला, कुणाला तरी सरक म्हणणारा. बांगड्या गजांवर आपटल्या. एकदा नाही जमलं, दोनदा नाही जमलं. सासऱ्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्राचा आकडा सत्तरच्या खाली गेला होता तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते सगळं तिला शब्दन्शब्द आठवत होतं, आणि आठवायला नको होतं.

कडी पडली. पावलं घुसली. त्या धक्क्यानं सुई उडाली आणि एकाच रेघेत अडकली. ट्रम्पेटचे तेच तीन सूर, पुन्हा तेच तीन, पुन्हा तेच. पावणेदोन सेकंदांची फेरी. ते थांबवायला त्या खोलीत कुणाला सवड नव्हती.

“खुर्चीत हायेत,” सुग्रीव म्हणाला. “मान खाली पडलीय. व्हट निळे झालेत मॅडम. हात लावू का?”

“श्वास?”

“कळंना.”

“छातीवर हात ठेवा.”

तीन सूर. तीन सूर. तीन सूर.

“हाय. हाय, पण लय बारीक.”

“पांढरी पेटी बघा. खुर्चीजवळच असेल.”

“हाय. बटण दाबलं, काहीच होईना. हां, वायरच काढून ठेवलीय भिताडातून.”

“लावा. मग बटण.”

हेडफोनमध्ये एक लांबलचक शिटी आली. मग घरघर. मग, वाट पाहून जीव जायची वेळ आली तेव्हा, फुस्स.

लातूरच्या उघड्या माइकवर कुणीतरी मोठ्यानं रडलं आणि लगेच गप्प झालं.

“नळी,” विजयमाला म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, सपाट आणि सावकाश. तसा केला नसता तर तो फुटला असता. “नळीची दोन टोकं नाकपुड्यांत. पेटीवरची कमीजास्त करायची चकती फिरवू नका, आहे तिथंच राहू द्या. मान वर धरा. पारूबाईंना मागून डोकं धरायला सांगा. आणि टेबलावर बोटाला लावायचा चिमटा असेल, तो लावा आणि आकडा वाचा.”

“अठ्ठावन्न.”

निरोगी माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

“नखाला तेल असेल, माती असेल तर पुसून लावा.”

“पुसलं. अठ्ठावन्नच हाय.”

मग त्या फुसफुशीशिवाय त्यांना काही करायला उरलं नाही. सुग्रीव आकडे वाचत होता आणि ग्रुप ऐकत होता. साठ. एकोणसाठ. चौसष्ट. चंद्रभाननी मध्येच येऊन सांगितलं की गाडी जिंतूरहून निघालीय, आणि गेले नाहीत. तीन सूर अजून वाजत होते. पारूबाईनं ते सुईचं यंत्र बंद करू का असं विचारलं, पण तिला कळेना कुठली वायर कशाची, आणि चुकून पेटीची निघेल म्हणून विजयमालानं तिला हात लावू दिला नाही. एकाहत्तर, सुग्रीव म्हणाला. व्हट जरा बरे दिसायलेत.

पंचाहत्तरवर दुधाटे हलले.

आधी नुसतं कण्हणं आलं. मग सुग्रीवचा घाबरा आवाज: “मॅडम, ते भिताडाकडं हात करायलेत. वायर वडायलेत. सायेब, सोडा, काय करायलाव?”

आणि त्या पलीकडून, पहिल्यांदाच, तो जाड आवाज आला. आता जाड नव्हता. शब्दाशब्दाला थांबत होता.

“बंद कर. मंडळी... ऐकायलीत. फुसफुस... येती.”

शुद्ध पुरती आलेली नव्हती, आणि तेवढ्या अर्ध्या शुद्धीत त्या माणसाला हेच आठवत होतं.

“सुग्रीवभाऊ, त्यांचा हात धरा. सोडू नका. स्पीकरसमोर फोन असेल त्यांचा. त्याच्या बाजूचं वरचं बटण दाबून धरा, आवाज वाढेल.”

“दाबलं.”

“काका,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या खोलीतून फिरून तिच्याच कानात परत आला. नियम कशासाठी होता ते दिसलं. “काका, मी विजयमाला, सेलूची. वायर सोडा.”

सुग्रीवनं कुजबुजून सांगितलं की मूठ अजून आवळलेलीच हाय. ती पुढं काय बोलावं ते शोधत होती, तेवढ्यात चंद्रभान बोलले. सावकाश, एकेक शब्द ठेवत.

“काका, मी लातूरचा चंद्रभान. चूक झाली आमची. आम्हाला ते बेअरिंग वाटलं. पेटी चालू राहू द्या. मला तोच आवाज ऐकायचाय. दुसरं काही नको.”

“मलाही,” शिवप्रसाद म्हणाला. मग आणखी कुणी, मग आणखी एकजण. ज्यांचे आवाज तिनं कधी ऐकले नव्हते असे लोक, एकापाठोपाठ, एवढंच म्हणत गेले.

“सोडली,” सुग्रीव म्हणाला. “वायर सोडली. रडायलेत सायेब.”

ऐंशी. ब्याऐंशी. तिथं आकडा अडला आणि पुढं जाईना. ब्याऐंशी म्हणजे धोका टळला नव्हता, हे विजयमालाला माहीत होतं. इतरांना माहीत नव्हतं, आणि ते खुशीत बोलू लागले होते. तिनं त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते राहिले. गाडी येईपर्यंत सगळ्यांनी तीन सूर आणि त्यांच्या मधून येणारी फुसफुस ऐकली. तिनं रंगनाथला फोन करून एवढंच सांगितलं की गाडी घेऊन घरी ये, जिंतूरला जायचंय. कुणाकडे, असं त्यानं विचारलं. माझ्या ओळखीच्या माणसाकडे, असं ती म्हणाली आणि पुढं तिला बोलवलं नाही.

शेवटी दारात गाडी थांबली. नवी पावलं आली, नवे आवाज, सिलिंडर घासत आणल्याचा आवाज. कुणीतरी येऊन टर्नटेबलचं बटणच बंद केलं. तिसऱ्या गाण्याचे तीन सूर खाली खाली घसरत गेले आणि थांबले. सुग्रीवनं साहेबांचा फोन उचललेला दिसला, कारण त्याची धाप आता फार जवळून येत होती.

“मॅडम, मी जायलोय संगं दवाखान्यात. ह्यावर लय नावं दिसायलीत. हे बंद कसं करायचं?”

“बंद करू नका,” विजयमाला म्हणाली. “त्यांच्या खिशात ठेवा. छातीजवळच्या.”

फोन खिशात गेला. कापडाची खसखस, इंजिनाची घरघर, आणि त्याखाली कुठंतरी श्वास. कुणीही कॉल सोडला नाही. येलदरीहून जिंतूरकडचा रस्ता खराब होता. गाडी खड्ड्यात गेली की तो श्वास हरवायचा. मग ती हेडफोन दाबून धरायची, आणि तो पुन्हा सापडेपर्यंत स्वतःही श्वास घ्यायची नाही.